एकोणशंभर

संस्थेच्या फॉर्ममध्ये शेवटून दुसरा प्रश्न होता: 'शिकवण्याच्या बाबतीत तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?' नाव, पत्ता, कॉलेज, आठवड्यातले मोकळे दिवस, हे सगळं मी दहा मिनिटांत भरलं होतं. या प्रश्नापाशी दोन दिवस अडून बसले. शेवटी लिहिलं, 'मुलांनी काही विचारलं आणि मला ते आलं नाही तर.' लिहून झालं आणि वाटलं, आता आपल्याला कोण घेणार?

ही जुलै 2022 ची गोष्ट. मी इंदूरच्या होळकर कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, मुख्य विषय गणित. भंवरकुआंजवळचं हे 1891 सालचं कॉलेज राजेंद्रनगरातल्या आमच्या घरापासून फार लांब नाही. गणित मला येत होतं, चारचौघांत बोलता येत नव्हतं. प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा असली की आदल्या रात्री घास उतरत नसे. तळहाताला असा घाम सुटायचा की वहीचं पान ओलं व्हायचं.

याचं मूळ कुठे आहे ते मला नेमकं ठाऊक आहे. सातवीत एका मॅडमनी मला उभं करून साधा प्रश्न विचारला. उत्तर मला येत होतं. ते जिभेवर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्या 'बैठ जाओ' म्हणून पुढच्या बाकाकडे वळल्या. कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही. पण त्या दिवसापासून प्रश्न आला की मी वहीत डोकं घालायला लागले. पेन खाली पडलं असं दाखवायचं, पान उलटायचं, खोकायचं. अशा कितीतरी युक्त्या मी शिकले.

म्हणून आमच्या सोसायटीच्या चौकीदाराच्या मुलाची युक्ती मला लगेच ओळखू आली. कुणीतरी खाली चौकीत लग्नपत्रिकांचा गठ्ठा ठेवून गेलं होतं, वर पेनाने नावं घातलेली, चांगल्या मोठ्या अक्षरात. मी त्याला म्हटलं, "हमारी वाली निकाल के दे ना." चौथीतला मुलगा. त्याने एकेक पत्रिका हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाला, "दीदी, धूप में अक्षर दिखते नहीं." आभाळ भरून आलं होतं. उन्हाचा पत्ता नव्हता.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो पहिलीत होता. दुसरी त्याने फोनवर केली, म्हणजे बापाचा फोन रात्री घरी आला की जेवढी होईल तेवढी. तिसरीचं निम्मं वर्ष तसंच गेलं. आणि आता तो चौथीत बसला होता, चौथीचं पुस्तक घेऊन. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच आठवड्यात कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेच्या फलकावर सूचना लागली. मालवा मिल आणि पाटनीपुऱ्याच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये एक संस्था शनिवार-रविवारी मुलांचे वर्ग घेते, त्यांना शिकवणारे स्वयंसेवक हवे होते. योजनेतल्या विद्यार्थ्यांना वर्षाला 120 तास काम करायचं असतं, त्यामुळे माझ्या वर्गातल्या काही जणींनी तासांसाठी नावं दिली. त्यात वाईट काही नाही. त्यांतल्या दोघी पुढे माझ्यापेक्षा चांगलं शिकवायला लागल्या. मी योजनेत नव्हते. सूचनेचा फोटो काढून घरी आले.

आईचा पहिला प्रश्न: "परत यायला किती वाजतील?" रागाने नाही, काळजीने. वर्ग चार ते सहा, तिथून एलआयजी चौकापर्यंत चालत, मग आयबस, भंवरकुआंला सात वाजणार. बाबा म्हणाले, "मी भंवरकुआंला येऊन थांबेन. पावसाळा संपेपर्यंत तरी." आजी मात्र एकदम खूश झाली. तिने तरुणपणी काही वर्षं बालवाडीत शिकवलेलं. बाल निकेतन संघ उभा करणाऱ्या शालिनीताई मोघ्यांना तिने जवळून पाहिलं होतं. ताईंना 1968 साली पद्मश्री मिळाली त्याची हकिकत ती आजही घरातलंच कार्य असल्यासारखी सांगते. मला म्हणाली, "उभं राहून शिकवू नकोस. खाली बस. मुलाचे डोळे आणि तुझे डोळे एका उंचीवर यायला हवेत." मला ते शिक्षणशास्त्र म्हणून पटलं की नाही, माहीत नाही. बसल्यावर गुडघे थरथरताना दिसत नाहीत, एवढंच तेव्हा मनात आलं आणि धीर आला.

फॉर्म पाठवल्यावर चार दिवसांनी फोन आला. समन्वयक ताई मराठीच निघाल्या, रामबागेतल्या. पत्ता विचारला, किती दिवस येऊ शकशील विचारलं, मग म्हणाल्या, "तू लिहिलं आहेस, मुलांनी विचारलं आणि आलं नाही तर. समज, तसं झालं. मग काय करशील?"

मी गप्प. हात फोनवर घट्ट. पलीकडे त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली, ती मला स्वच्छ ऐकू आली. ताई काहीच बोलल्या नाहीत. 'हॅलो, आहेस ना?' असंही नाही. कितीतरी वेळाने माझ्या तोंडून बाहेर पडलं, "सांगेन की मला माहीत नाही. शोधून पुढच्या वेळी सांगते."

"बरं," त्या म्हणाल्या, "शनिवारी कागदपत्रं घेऊन ये."

कागदपत्रं म्हणजे आधारची प्रत, कॉलेजचं ओळखपत्र, एका प्राध्यापकांचं ओळख असल्याचं पत्र, आणि बालसुरक्षेच्या नियमांवर सही. ही सही नावापुरती नव्हती. ताईंनी एकेक नियम मोठ्याने वाचून घेतला. मुलाबरोबर बंद दाराआड एकटं बसायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. मुलाने काही सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण गोष्ट अत्याचाराची असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीचा क्रमांक 1098 तोंडपाठ हवा. मुलांची नावं कुठेही लिहायची नाहीत. म्हणून इथेही ती नाहीत.

आणि एक अट: किमान सहा महिने. "एक महिना येऊन सोडणारी ताई नको," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा न येणारी बरी. या मुलांना लोकांनी निघून जाण्याची फार सवय आहे."

मग दोन दिवसांचं प्रशिक्षण. आम्ही पंधरा जण. पहिला दिवस वाचनाची पातळी कशी ओळखायची यात गेला. मुलापुढे क्रमाने चार गोष्टी ठेवायच्या: सुटी अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. ज्या पायरीवर मूल अडखळेल तिथून शिकवायला सुरुवात. इयत्ता विचारायची नाही. 'असर' या देशातल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत वापरतात तीच ही रीत. पुढे जानेवारी 2023 मध्ये त्या पाहणीचा अहवाल आला तेव्हा मी तो आवर्जून वाचला: देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीची मुलं 42.8 टक्के. 2018 मध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. पाहणी खेड्यांची, आमची वस्ती शहरातली, पण आकडा वाचताना मला लग्नपत्रिकांचा तो गठ्ठा दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी जे सांगितलं, त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या. 1970 च्या दशकात त्यांनी वर्गांतल्या बोलण्याच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात. सरासरी सुमारे एक सेकंद. मग काही शिक्षकांनी तीन सेकंद थांबायचं ठरवलं. एवढ्यानेच मुलांची उत्तरं लांबली, न बोलणारी मुलं बोलायला लागली, मुलं आपणहून प्रश्न विचारायला लागली.

ताई म्हणाल्या, "करून बघा. मी प्रश्न विचारते, तीन मोजते." खोलीत शांतता पसरली. तीन सेकंद हा केवढा मोठा वेळ आहे, ते तिथे बसून कळलं. आणि मला सातवीचा तो बाक आठवला. मला एका सेकंदात उत्तर देता आलं नव्हतं. तीन मिळाले असते तर आलं असतं. इतकी वर्षं मी तो माझा दोष समजून वागवत होते. डोळे भरून आले, ते पुसायला बाहेर गेले, आणि कुणी काही विचारलं नाही याचं बरं वाटलं.

त्यानंतर तीन शनिवार नुसतं मागे बसून बघायचं. वर्ग एका देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत भरायचा. एका कोपऱ्यात चटयांची गुंडाळी, भिंतीवर काळा रंग फासून केलेला फळा. मुलं दप्तराऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणायची. मी पाठीमागे बसून कोण कधी गप्प होतं ते टिपत राहिले. हे काम मला सोपं गेलं. गप्प होणाऱ्याच्या युक्त्या मला माहीत होत्या.

ऑगस्टच्या शेवटी मला माझा गट मिळाला. सहा मुलं, चौथी-पाचवीची, विषय गणित. पहिल्या दिवसासाठी मी चार पानी टिपण केलं होतं, कोणत्या मिनिटाला काय ते. आजीने सांगितल्याप्रमाणे खाली बसले. पाऊस सुरू झाला, पत्र्यावर असा आवाज की माझंच मला ऐकू येईना, म्हणून मी जोरात बोलायला लागले. बोलतच राहिले. प्रश्न विचारायचे, कुणी बोलायच्या आत मीच उत्तर द्यायचे, पुढे जायचे. शांततेची इतकी भीती वाटत होती की मी ती उगवूच दिली नाही. चाळीस मिनिटांत टिपण संपलं. मुलं शहाण्यासारखी बसून होती. मला वाटलं, जमलं.

ताई मागे बसल्या होत्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी वहीतलं पान फाडून माझ्या हातात दिलं. त्यावर त्यांनी फक्त उभ्या रेघा ओढल्या होत्या, पाचापाचाच्या गठ्ठ्यात. एकूण 23. "हे तू विचारलेले प्रश्न," त्या म्हणाल्या. "आणि या ज्यांच्यावर गोल आहे, त्यांची उत्तरं मुलांनी दिली." गोल चार होते. चारही एकाच मुलाचे, जो सगळ्यांच्या आधी ओरडतो त्याचे.

मी तेच केलं होतं जे माझ्या बाबतीत झालं होतं. सहा मुलांना, एका तासात, एकोणीस वेळा. बसमध्ये तो कागद मी मांडीवर ठेवून आले. सोडून द्यावं असं वाटलं का? वाटलं. भंवरकुआंला बाबा उभे होते, त्यांनी चेहऱ्याकडे बघून काही विचारलं नाही, नुसती पिशवी घेतली. रात्री आजीजवळ बसले. ती म्हणाली, "सहा महिने म्हणाली आहेस ना तू? मग अजून पाच महिने आणि तीन आठवडे आहेत."

पुढच्या आठवड्यात टिपण नेलं नाही. प्रश्न विचारायचा आणि डावा हात पाठीमागे नेऊन बोटांवर तीन मोजायचे, एवढंच ठरवून गेले. ओरडणाऱ्या मुलाला आधीच सांगितलं, "तू उत्तर मेरे कान में बताना." तो त्यावर खूश झाला.

आणि मग मला ती दिसली.

ती पहिल्या दिवसापासून होती, पाचवीत, लाल रिबिनी बांधणारी. दोन शनिवार मी तिचा आवाज ऐकला नव्हता. त्या दिवशी मी अंकलेखन घेतलं: मी आकडा हिंदीत म्हणायचा, मुलांनी लिहायचा. आमच्याकडे शाळा हिंदी, म्हणून वर्गात सगळं हिंदीतच. उनतीस, पैंतीस, उनचास, उनसठ, उनहत्तर, उन्यासी, नवासी; म्हणजे 29, 35, 49, 59, 69, 79, 89. पैंतीस सोडला तर मुद्दाम नऊ एकक असलेले आकडे घेतले होते, कारण ते सगळ्यांनाच अवघड जातात. तिच्या पाटीवर असं होतं: 39, 35, मग मोकळी जागा, 69, 79, 89, 89.

पहिल्या नजरेला वाटेल, मुलीला काही येत नाही, दोनच बरोबर. मी पाटी गुडघ्यावर घेऊन बघत बसले. पैंतीस बरोबर, म्हणजे 'पाच आणि तीस' हा उलटा क्रम तिला उमगला होता. बाकी चुकांमध्येही शेवटचा अंक सगळीकडे 9 होता. 'उन' ऐकलं की 9 येतो, हे तिला ठाऊक होतं. पुढे 'सठ' ऐकलं की तिने साठ घेतला, 'हत्तर' ऐकलं की सत्तर. नऊ आणि साठ, 69. तिने एक नियम तयार केला होता आणि तो ती प्रामाणिकपणे सगळीकडे लावत होती. 'उनचास'मध्ये तिला पचास ऐकू आला नाही म्हणून जागा सोडली. आणि नवासी बरोबर आलं होतं ते त्याच चुकीच्या नियमाने, कारण नवासीत खरोखरच नऊ आणि अस्सी आहेत. तिच्या पाटीवर शेजारी शेजारी दोन 89 होते, एक चूक, एक बरोबर, आणि तिला त्यात काही खटकलं नव्हतं. हे तिला शाळेत कुणी कधी विचारलं असेल असं मला वाटत नाही. लाल शाईची फुली मारून वही परत आली असेल.

मी तिला उनसठवर बोट ठेवून विचारलं, "ये कैसे सोचा?" आणि पाठीमागे मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार. पाच. तिची मान खाली होती, पण ओठ हलत होते. आवाज नव्हता. मी वाकले. ओठांची हालचाल 'उन' म्हणतानाची नव्हती. ते 'एकोण' होतं.

"घरी मराठी बोलता का गं?" मी मराठीत विचारलं.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आजीशी."

तिची आजी पापड लाटून विकायची आणि संध्याकाळी दोघी मिळून पापड मोजायच्या, मराठीत. शाळेत उनसठ, घरी एकोणसाठ, आणि दोन्ही एकच आहेत हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. माझंही लहानपण असंच गेलं होतं, पण माझ्या घरी सांगायला माणसं होती.

मी खराट्याच्या काड्या नेल्या होत्या, दहादहाच्या मोळ्या बांधून, रबर लावून. सहा मोळ्या तिच्यापुढे ठेवल्या. "किती?" "साठ." "आजी एकोणसाठ म्हणते तेव्हा काय म्हणते?" पुन्हा शांतता. या वेळी मी मोजलं नाही. तिने सहावी मोळी उचलली, रबर काढलं, एक काडी बाजूला ठेवली. पाच मोळ्या आणि नऊ सुट्या. बराच वेळ ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एक उणे साठ." आणि पाटीवरचा 69 बोटाने पुसून 59 लिहिला.

'उन' म्हणजे उणं, हे तिला मराठीने दाखवलं. हिंदीत तो तुकडा इतका झिजलाय की ऐकू येत नाही; मराठीत तो अजून धडधडीत जिवंत आहे. शिवाय मोळी सोडताना तिने जे केलं, तेच पुढे वजाबाकीत दशक सुटं करताना करायचं असतं. शाळेत त्याला 'उधार लेना' म्हणतात आणि मुलं वर्षानुवर्षं कुणाकडून उधार, कशाला उधार हे न कळता ते करत राहतात. तिला ते पुन्हा वेगळं शिकवावं लागलं नाही.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबांना 2019 सालचा वाद आठवला. महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' अशी रीत आली होती आणि त्यावर केवढं काहूर उठलं होतं. मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, असं त्या समजावून सांगत होत्या. तेव्हा आमच्या घरातही पोहे खाताना सगळे त्या रीतीच्या विरुद्ध होते, मीसुद्धा. ती पाटी पाहिल्यावर मला ते बोलणं मागे घ्यावंसं वाटलं. त्या काय म्हणत होत्या, ते एका खऱ्या मुलाच्या हातून झालेल्या चुकीत बघितल्याशिवाय कळत नाही.

पुढचे महिने सांगण्यासारखे फार नाहीत. दिवाळीची सुट्टी, थंडी, दोन आठवडे खोलीला कुलूप कारण देवळात कार्यक्रम, एक मुलगा गाव बदलून गेला. त्या वर्षी मध्य प्रदेशात पाचवीची परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होणार होती, त्याची धास्ती मुलांपेक्षा आयांना जास्त. माझ्या तळहाताला घाम येणं बंद झालं का, तर कॉलेजात नाही, अजूनही येतो. त्या खोलीत मात्र कधी थांबला ते कळलंही नाही. मुलाच्या पाटीवर काय चाललंय हे बघताना स्वतःकडे बघायला डोळे उरत नाहीत.

जानेवारीत एकदा पुन्हा तेच अंकलेखन घेतलं. 29, 49, 59, 69, सगळे बरोबर. उन्यासी, 79. मग मी 'नवासी' म्हटलं. तिने 79 लिहिलं, आधीच्या 79 च्या शेजारी. ते बघून माझ्या पोटात खड्डा पडला. सप्टेंबरमध्ये जे चुकीच्या नियमाने बरोबर येत होतं, ते आता बरोबर नियमाने चुकलं होतं.

मी फक्त दोन्ही 79 वर बोट ठेवलं. तिने बघितलं. या वेळी खटकलं. म्हणाली, "दोन्ही एकच कसे?" मग मराठीत मोजून बघितलं: एकोणऐंशी, ऐंशी... पुढे जात जात अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. "मराठीत एकोणनव्वद आहे, तर हिंदीत उननब्बे का नाही? नवासी का?" आणि मला श्वास घ्यायला वेळ न देता, "आणि मराठीत एकोणनव्वद आहे, तर नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

सहा महिन्यांत तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. सगळा गट माझ्याकडे बघत होता. मला उत्तर माहीत नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "शोधून पुढच्या शनिवारी सांगते."

आवाज कापला नाही.

आजीच्या भजनी मंडळात एक निवृत्त संस्कृत शिक्षिका येतात. रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला चहा दिला आणि पाटी नसल्यामुळे वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं. संस्कृतात 89 दोन तऱ्हांनी म्हणता येतं: एकोननवति, म्हणजे एकाने उणे नव्वद, आणि नवाशीति, म्हणजे नऊ आणि ऐंशी. मराठीकडे पहिलं आलं, हिंदीकडे दुसरं. 99 चंही तसंच: नवनवति आणि एकोनशत. इथे दोन्ही भाषांनी नवनवति ठेवलं, एकोनशत मागे राहिलं. तो वर्तमानपत्राचा तुकडा मी कात्रीने कापून घेतला.

शनिवारी मी जायच्या आधीच ती चटई पसरून बसली होती. तुकडा तिच्यापुढे ठेवला, समजावलं: पूर्वीची माणसं दोन्ही म्हणायची, कुणी असं, कुणी तसं, मग एका भाषेने हे घेतलं, दुसरीने ते. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे एकोणशंभर असं कुणीतरी म्हणायचं?"

"त्यांच्या भाषेत, पण हेच. एकाने उणे शंभर."

"परीक्षेत लिहू?"

"परीक्षेत निन्यानवे लिही. वहीत लिही हवं तर."

तिने वही उलटी करून शेवटचं पान काढलं. 99 लिहिलं, खाली हळूहळू एकेक अक्षर: एकोणशभर. पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतःच्याच अक्षरांकडे बघत राहिली. 'श'वर टिंब नव्हतं. मी हात पाठीमागे नेला आणि मोजायला लागले. दोनवर होते, तेव्हा तिने पेन्सिल उचलली आणि टिंब दिलं.